आधी बॅटरी बदला, मग नव्या फोनचं बोलू

पत्र: माझा मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, होस्टेलवर राहतो. दहावीनंतर घेऊन दिलेला त्याचा फोन आता साडेतीन वर्षांचा झालाय. सारखा हँग होतो, चार्जिंग दुपारपर्यंतही पुरत नाही, आणि ३० टक्के दाखवत असताना अचानक बंद पडतो. त्याला ७० हजारांचा फोन हवाय. दुकानदार म्हणाला, २४ हप्ते, व्याज शून्य, महिन्याला तीन हजारसुद्धा पडत नाहीत. मी घरी शिवणकाम करते, मिस्टर कारखान्यात आहेत. मुलगा म्हणतो, आता एआयचे फोन आलेत, जुन्यावर काही चालत नाही. मिस्टर म्हणतात, पोराचं मन मोडू नकोस. त्यात भाच्यानं मला वेगळंच भेव घातलंय. माझा स्वतःचा फोन पाच वर्षांचा आहे, त्यावर बँकेचं अ‍ॅप ठेवू नको म्हणतो. मी उगाच पैशाकडे बघत अडून बसलेय का? – एक आई, मिरज

ताई,

तुम्ही अडून बसलात ते चांगलं केलंत. ७० हजारांच्या फोनच्या कागदांवर सही करू नका, निदान आत्ता तरी नाही. मुलाची तक्रार मात्र खरी आहे. तो खोटं बोलत नाही की लाड करून घेत नाही. त्याचा फोन खरंच त्रास देतोय. फक्त त्या त्रासावर दुकानदारानं जो उपाय सांगितलाय तो ७० हजारांचा आहे, आणि खरा उपाय बहुतेक दोनेक हजारांत होईल.

तुमच्या पत्रातली एक ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटली: ३० टक्क्यांवर असताना फोन बंद पडतो. हे थकलेल्या बॅटरीचं अगदी ठरलेलं लक्षण आहे. फोनमधली लिथियम-आयन बॅटरी वापरानं आणि उष्णतेनं झिजते. १०० टक्के वापर झाला की एक फेरा धरतात. आयफोन १४ पर्यंतच्या फोनसाठी अ‍ॅपलनं स्वतःच सांगितलेला हिशेब असा आहे, की ५०० फेऱ्यांनंतर बॅटरीची ताकद मूळच्या ८० टक्क्यांवर येते. २०२३ च्या आयफोन १५ पासून हा आकडा १००० झाला. मुलानं रोज एक फेरा वापरला असेल तर साडेतीन वर्षांत बाराशेच्या वर झाले. अशा बॅटरीत चार्ज शिल्लक असतो, पण कॅमेरा उघडला किंवा गेम सुरू केला की एकदम जास्त करंट लागतो, तो तिला देता येत नाही. व्होल्टेज खाली जातं आणि फोन बंद होतो. बाकी यंत्र ठणठणीत असतं.

ही गोष्ट फोन कंपन्यांना आपल्यापेक्षा चांगली माहीत आहे. २०१७ च्या सुरुवातीला अ‍ॅपलनं एका अपडेटमधून थकलेल्या बॅटरीच्या आयफोनचा वेग गुपचूप कमी केला. हेतू वाईट नव्हता. फोन असे मध्येच बंद पडू नयेत म्हणूनच ते केलं होतं. पण ग्राहकाला कोणी सांगितलं नाही. फोन हळू झाला, लोकांना वाटलं तो जुना झाला, आणि कित्येकांनी नवा घेतला. बॅटरी बदलली की वेग परत येतो हे त्याच वर्षीच्या डिसेंबरात काही जाणकारांनी मोजमाप करून दाखवलं, तेव्हा कंपनीनं कबूल केलं आणि माफी मागितली. भारतात ६,५०० रुपयांना होणारं बॅटरी बदलण्याचं काम वर्षभर २,००० रुपयांत करून दिलं. पुढे फ्रान्सनं याच प्रकरणात अडीच कोटी युरो दंड केला. इटलीनं तर २०१८ मध्ये अ‍ॅपलबरोबर सॅमसंगलाही दंड ठोठावला होता, कारण जड अपडेट टाकून जुने फोन मंद केल्याचा ठपका दोघांवर होता.

आता यातला मला सगळ्यात बोलका वाटणारा भाग सांगते. २ जानेवारी २०१९ ला अ‍ॅपलचे प्रमुख टिम कुक यांनी गुंतवणूकदारांना पत्र लिहिलं. त्या तिमाहीचं उत्पन्न ठरवल्यापेक्षा कमी, ८४ अब्ज डॉलरच्या आसपास राहणार होतं. मुख्य कारण त्यांनी चीनमधली मंदी हे दिलं, पण पुढे नवे आयफोन कमी घेतले जाण्याच्या कारणांत स्वस्तात बदलून मिळालेल्या बॅटऱ्याही मोजल्या. म्हणजे लोकांनी बॅटरी बदलली, त्यांचे फोन नीट चालायला लागले, आणि त्यांना नवा फोन लागेना. जगातल्या सर्वांत श्रीमंत कंपन्यांपैकी एकीच्या प्रमुखानं हे सहीनिशी लिहून दिलंय. बॅटरी बदलून फोन पुन्हा चालतो हे दुकानदार तुम्हाला का सांगत नाही, याचं उत्तर त्या पत्रात आहे. यात त्याचा एकट्याचा दोष नाही. अख्खा धंदाच नव्या फोनच्या विक्रीवर उभा आहे.

म्हणून पहिलं काम हे. मुलाला सांगा, पुण्यातल्या त्या कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला जा आणि फक्त बॅटरी बदलायला किती लागतात ते विचार. मध्यम किमतीच्या फोनसाठी ही रक्कम बहुतेक वेळा दोन हजारांच्या आसपास किंवा त्याखाली असते. जाण्याआधी फोन टेबलावर पालथा ठेवून बघायला सांगा. मागचं पॅनेल कडेनं उचललं गेलं असेल, किंवा फोन सपाट न बसता डुगडुगत असेल, तर बॅटरी फुगली आहे. मग तो फोन चार्जिंगला लावायचाच नाही आणि उशीजवळ तर अजिबात ठेवायचा नाही. त्याच दिवशी काढून घ्यायची.

अधिकृत केंद्रात भाग मिळाला नाही, तर पुण्यातल्या तापकीर गल्लीसारख्या ठिकाणी उत्तम हात असलेले कारागीर आहेत. मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे. चांगला कारागीर हे काम कसं करतो ते मुलानं समोर उभं राहून बघावं. तो मागचं पॅनेल गरम करून गोंद मऊ करतो, कडेत प्लॅस्टिकची पातळ पट्टी सरकवतो आणि चारही बाजूंनी हळूहळू सोडवत आणतो. आत गेल्यावर सगळ्यात आधी बॅटरीची पट्टी बोर्डवरून काढतो, मगच दुसऱ्या कशाला हात लावतो. बॅटरी खाली चिकटवलेली असते. तिच्या कडेनं स्पिरिटसारखं द्रव सोडून, थोडं थांबून, प्लॅस्टिकनंच उचलतो. कोणी स्क्रू ड्रायव्हर घालून बॅटरी उचकटायला लागला तर तिथून फोन परत घ्यावा, कारण बॅटरीला भोक पडलं की ती पेट घेते. बॅटरी ‘फर्स्ट कॉपी’, म्हणजे नक्कल केलेली आहे की कंपनीची, हे आधी स्पष्ट विचारायचं, पावतीवर लिहून घ्यायचं आणि वॉरंटी किती महिन्यांची तेही मांडून घ्यायचं. एक गोष्ट मात्र जाते. फोन पाण्यापासून सुरक्षित असल्याचा दावा असेल, तर तो उघडल्यावर तसाच राहील याची खात्री कोणी देत नाही. पावसात जपायला लागेल.

हँग होण्याचं दुसरं कारण भरलेलं स्टोरेज असतं. मेमरी काठोकाठ भरली की फोनला नवं काही लिहायला जागा शोधत बसावी लागते. साडेतीन वर्षांत व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवरून आलेले व्हिडिओ, कॉलेजच्या पीडीएफ, एकच नोट तीन-तीनदा डाउनलोड केलेली, असं काय काय साठलं असेल. फोटो आणि नोट्स लॅपटॉपवर किंवा पेनड्राइव्हवर काढून, फोन एकदा पूर्ण रिसेट करावा आणि लागतील तेवढीच अ‍ॅप परत टाकावीत. निदान पाचवा हिस्सा रिकामा ठेवावा. रविवारची एक दुपार जाईल, पैसा काही लागणार नाही.

आता ते ‘व्याज शून्य’. बँक व्याज सोडत नाही, ताई. रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०१३ मध्येच शून्य टक्के हप्त्यांच्या योजनांवर बोट ठेवलं होतं, कारण त्यात व्याज दुसऱ्या नावानं लपवलेलं असायचं. आज जी ‘नो कॉस्ट’ योजना मिळते तिच्यात व्याज लागतंच. तेवढी सूट कंपनी किंवा दुकानदार किमतीत देतो आणि दोन्हींची वजाबाकी करून दाखवतो. क्रेडिट कार्डावर १५ टक्के दर धरला, तर ७० हजारांच्या अशा २४ हप्त्यांमध्ये साधारण ९,८०० रुपये व्याज असतं. ते सुटीतून वळतं झालं, तरी त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे जवळजवळ १,७७० रुपये, तुम्हीच भरता. वर प्रोसेसिंग फी आणि तिच्यावरचा जीएसटी. हिशेब तपासायचा सोपा मार्ग हा, की दुकानात विचारायचं, ‘आजच रोख दिले तर किती?’ हा आकडा ७० हजारांपेक्षा खाली आला, तर जितका खाली आला तितकी हप्त्यांची किंमत.

पण मला या रकमेपेक्षा चोवीस महिन्यांची जास्त काळजी वाटते. लग्नसराई संपली की शिवणकाम कमी होतं, ते मी तुम्हाला सांगायला नको. कारखान्यात ओव्हरटाइम बंद झाला किंवा घरात आजारपण निघालं, तरी हप्त्याची तारीख थांबत नाही. एखादा चुकला की दंड लागतो आणि क्रेडिट स्कोअर खाली येतो. उद्या मुलाच्या शेवटच्या वर्षाच्या फीसाठी कर्ज काढायची वेळ आली, तर बँक तोच स्कोअर बघणार. कमावत्या माणसानं स्वतःच्या हौसेसाठी हप्ता घेतला तर माझं काही म्हणणं नसतं. इथे हप्ता भरणारे दोघं वेगळे आणि फोन वापरणारा वेगळा आहे.

एआयबद्दल मुलाचा जो समज झालाय त्यात त्याची चूक नाही. गेली दोन-तीन वर्षं प्रत्येक कंपनी याच एका अक्षरजोडीवर फोन विकतेय. पण विद्यार्थी रोज जे वापरतात, म्हणजे प्रश्न विचारणं, धड्याचा सारांश काढणं, प्रोग्रामिंगमधली चूक शोधणं, ते काम बहुतांशी कंपनीच्या दूरच्या संगणकांवर होतं. फोन फक्त प्रश्न पाठवतो आणि उत्तर दाखवतो. त्याच्या साडेतीन वर्षांच्या फोनवरही ही अ‍ॅप चालतात. त्यानं आजच उघडून बघावं. आणि या जाहिरातींवर किती विसंबायचं, त्याचंही एक ताजं उदाहरण आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये आयफोन १६ बाजारात आला तो ‘अ‍ॅपल इंटेलिजन्स’ या त्यांच्या एआयच्या गाजावाजासह. सिरी, म्हणजे आयफोनमधली बोलून कामं करणारी मदतनीस, तुमचे मेल, मेसेज समजून घेऊन उत्तरं देईल, असं जाहिरातीत दाखवलं होतं. मार्च २०२५ मध्ये कंपनीनं सांगितलं, की हे यायला अजून वेळ लागेल, आणि ती जाहिरात मागे घेतली. तोवर फोन विकले गेले होते, लोकांनी पैसे भरले होते. मी याला सरळ अन्याय म्हणते. वस्तू आज काय करते ते बघून पैसे द्यावेत, पुढे कधी तरी काय करेल यासाठी नाही.

इंजिनिअरिंगच्या मुलाला खरं काम लॅपटॉपवर असतं. तुमच्या पत्रात लॅपटॉपचा उल्लेख नाही. तो जुना, रडतखडत चालणारा असेल, तर खर्च करायची जागा ती आहे. त्यातही आधी एसएसडी (फाइली साठवायची वेगवान जागा) आणि रॅम (चालू कामासाठीची मेमरी) वाढवता येते का ते विचारावं. आजकाल बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डलाच झाळलेली असते, ती वाढवता येत नाही. मला ही पद्धत मनापासून खटकते. चार-पाच वर्षं जास्त चालू शकणारं यंत्र त्यामुळे मुद्दाम अल्पायुषी होतं.

आता तुमच्या फोनकडे येऊ. भाचा काळजीपोटी बोलला आणि अर्धं बरोबर बोलला. फोन पाच वर्षांचा आहे म्हणून धोक्याचा ठरत नाही. त्याला सुरक्षेचे अपडेट यायचे थांबले असतील तर धोका वाढतो. सेटिंग्जमध्ये जा, अगदी खाली ‘फोनविषयी’ असं असतं, त्यात अँड्रॉइडच्या आवृत्तीवर बोट ठेवलं की सुरक्षा अपडेटची तारीख दिसते. ती गेल्या वर्षभरातली असेल तर निश्चिंत वापरा. दोन वर्षांहून जुनी असेल, तर बँकेचं अ‍ॅप मिस्टरांच्या फोनवर न्या, किंवा तुमच्यासाठी साधा नवा फोन घ्या. या घरात आधी नवा फोन कोणाला हवा असेल तर तो कदाचित तुम्हाला. पैशाचे व्यवहार तुम्ही बघता, शिलाईचे पैसे तुमच्या खात्यात येतात.

मात्र फोन नवा घेतला म्हणून बँकेतले पैसे आपोआप सुरक्षित होत नाहीत. आपल्याकडची कितीतरी फसवणूक फोनच्या वयाशी संबंध नसलेल्या मार्गानं होते. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका किंवा वाहतुकीच्या दंडाचं चलन म्हणून एक फाइल येते, तिच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ असतं. ती उघडून परवानगी दिली की मेसेज वाचायचा, म्हणजे ओटीपी वाचायचा रस्ता मोकळा होतो. सर्वांत महागडा फोनही इथे कमी पडतो, कारण परवानगी आपणच दिलेली असते. अशी फाइल उघडायची नाही, कोणी कितीही ओळखीचा असो. आणि कधी पैसे गेलेच, तर लाजत बसू नका, लगेच १९३० वर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवून धरण्याची शक्यता जास्त.

नवा फोन घ्यायची वेळ येईल तेव्हा मेगापिक्सेल आणि गिगाहर्ट्झ बाजूला ठेवून दुकानदाराला पहिला प्रश्न विचारा: सुरक्षेचे अपडेट कोणत्या वर्षापर्यंत मिळणार? गूगलनं २०२३ मध्ये पिक्सेल ८ पासून सात वर्षांचं वचन दिलं. सॅमसंगनं २०२४ च्या एस२४ ला सात वर्षं दिली, आणि त्याच वर्षी आलेल्या ए१६ ५जी या बेतास बात किमतीच्या फोनलाही सहा. म्हणजे स्वस्त फोनला इतकी वर्षं सांभाळणं परवडत नाही, हे कारण आता चालणार नाही. शिवाय तुम्ही घेताय ते मॉडेल वर्षभरापूर्वी बाजारात आलेलं असेल, तर त्या वर्षांतलं एक गेलं असं समजा. दुकानदाराला उत्तर माहीत नसेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर बघून सांगायला लावा. आपण ग्राहकांनी हा प्रश्न विचारायला सुरुवात केल्याशिवाय बाकीच्या कंपन्या हलणार नाहीत, असं माझं ठाम मत आहे.

युरोपात हे कायद्यानं झालंय. २० जून २०२५ पासून तिथे विकायला येणाऱ्या फोनचं मॉडेल बंद झाल्यावरही निदान पाच वर्षं अपडेट आणि सात वर्षं महत्त्वाचे सुटे भाग द्यावे लागतात. बॅटरी ८०० फेऱ्यांनंतर ८० टक्के उरलीच पाहिजे. दुरुस्तीला फोन किती सोपा, याची श्रेणी खोक्यावरच्या लेबलवर छापावी लागते. आपल्या ग्राहक व्यवहार खात्यानं २०२२ च्या डिसेंबरात दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं आणि मे २०२५ मध्ये दुरुस्ती-सुलभतेच्या श्रेणीबद्दल समितीचा अहवालही आला. पण ते लेबल आपल्या दुकानातल्या खोक्यावर सक्तीनं छापलेलं मला अजून हवंय. दुरुस्त करून वापरणारा देश म्हणून आपण ओळखले जातो. तो हक्क आधी इथे लेखी मिळायला हवा होता.

मुलाशी बोलताना एक करा. ‘आमच्या वेळी असं नव्हतं’ हे वाक्य टाळा आणि त्याच्यासमोर सगळे आकडे ठेवा. तो १९ वर्षांचा आहे, गणित तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं जाणतो. होस्टेलवर शेजारच्या मुलाच्या हातात नवा फोन दिसतो तेव्हा मन खट्टू होणारच, ते खोटं ठरवू नका. त्याला सांगा, बॅटरी बदल, फोन साफ कर, परीक्षा होईपर्यंत वापरून बघ. त्यानंतरही फोन चालत नाही असं त्यानं दाखवून दिलं, तर २० ते २५ हजारांपर्यंत रोखीनं, अपडेटची वर्षं बघून, त्यानंच निवडलेला फोन घ्यायचा. आणि हे तुम्ही तिघांनी मिळून ठरवा, म्हणजे मिस्टरांनाही मन मोडल्यासारखं वाटणार नाही. ७० हजारांचाच हवा असेल तर पहिल्या पगाराची वाट बघायला त्याला फार वर्षं नाहीत.

सर्व्हिस सेंटरवाल्यांनी ‘या मॉडेलची बॅटरी येत नाही, नवाच घ्या’ असं सांगितलं, तर मुलानं तेवढं वाक्य त्यांच्याकडून लेखी किंवा ईमेलवर मागावं. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी, पावती आणि फोनचा मॉडेल नंबर जवळ ठेवून. जुनी बॅटरी कचऱ्यात टाकू नका, तिथेच जमा करा. आणि काय उत्तर मिळतं ते मला नक्की कळवा.